थोरलीची ओटी

१

आमच्या घरावरून दर दोन-तीन मिनिटांनी विमान जातं. घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीला टेकून आमची बिल्डिंग आहे आणि उतरणारी विमानं इतक्या खालून जातात की गच्चीवरून त्यांची चाकं दिसतात. पाहुणे बोलता बोलता थांबतात. आम्ही थांबत नाही, आवाज चढवतो. आमच्या घरात सगळे एकमेकांवर ओरडतात त्याचं निम्मं कारण हे. उरलेलं निम्मं मी.

या सगळ्या विमानांतलं आईला एकच ओळखू येतं. आधी बारीक शिट्टी, मग घसा साफ केल्यासारखी घरघर. "आली थोरली," असं म्हणत आई तांदूळ धुवायला घेते. कारण थोरली उतरली की बाबा तिला हँगरमध्ये घेणार, पुसणार, इंजिनांवर लाल टोप्या चढवणार आणि भात होईपर्यंत घरी येणार. घड्याळ वगैरे आमच्याकडे शोभेला आहे.

थोरली म्हणजे बाबांचं विमान. म्हणजे मालकाचं, पण मालकाला हे कुणीतरी सांगायला हवं. आठ माणसं बसतील असं मध्यम आकाराचं कंपनी जेट, शेपटीजवळ दोन इंजिनं. बाबा मेकॅनिक होते त्या कालिन्याच्या हँगरमध्ये ते ज्या दिवशी आलं त्याच रात्री आईला कळा सुटल्या. बाबा तेव्हा विमानाच्या नाकाला हळदकुंकू लावत होते. मी दुसऱ्या दिवशी जन्मले. म्हणून ती थोरली आणि मी धाकटी.

"एक दिवसान मोठी आसा तुझ्यापेक्षा, मान राख जरा," हा विनोद मी जन्मभर ऐकत आलेय. नाही, माझ्या आधी घरात दुसरं मूल नव्हतं. जन्मून गेलेलंही नाही. मी आईला सरळ विचारलंय, एकदा नाही, दोनदा.

माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी थोरलीचं टायर बदलायचं होतं. माझा हात मोडला तेव्हा थोरलीची काच तडकली होती. मी विमानाची इंजिनिअर झाले ती आवड म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. त्याच हँगरमध्ये लागले, शेजारच्या नव्या विमानावर. सगळं टचस्क्रीन, सगळं चकाचक. वाटलं होतं, आता तरी बाबा मान वळवून बघतील. ते आले, बघून म्हणाले, "नवीन काय ता? मोबाइलाक पंख लावल्यानी," आणि फडकं घेऊन परत तिच्याकडे गेले.

तर त्या शुक्रवारी मी लवकर घरी आले होते. संध्याकाळी डोक्यावरून शिट्टी गेली, मग घरघर. आई उठली.

"आली थोरली."

"आई, थोरली जॅकवर आहे," मी म्हणाले. "तपासणी चाललीय. तिची चाकं काढून ठेवलीत. मी स्वतः बघून आलेय."

आई क्षणभर थांबली. "मग असात दुसरा कुठला," म्हणाली आणि तांदूळ धूतच राहिली.

त्या जातीची विमानं मुंबईत अजून असतील, मी स्वतःला समजावलं. बाबा मात्र बरोबर भात उतरवायच्या वेळी दारात उभे होते.

२

तपासणी माझ्याकडे आली होती. सुयोगने मुद्दाम दिली. सुयोग म्हणजे मालकाचा पुतण्या, माझ्याच वयाचा, हँगरचा कारभार बघतो आणि पाना आणि पकड यातला फरक त्याला कळत नाही, पण माणूस बरा आहे.

"समीक्षा, म्हातारीचं काय करायचं ते सांग यार," तो म्हणाला. "नवं आलंय. दोन-दोन कशाला पोसायची? तू म्हणालीस संपली, तर तोडून सुटे भाग विकू. तू म्हणालीस चालेल, तर कुणी घेतंय का बघू."

"म्हातारी कोणाक म्हणतस?" बाबा पंखाखालून म्हणाले. "ती जळगावच्या उन्हात उतरता, कोल्हापूरच्या पावसात उतरता. तुझी नवी घाम इलो की रुसान बसता. सहा माणसां, त्यांच्या ब्यागा, वर स्ट्रेचर, सगळा घेऊन जाता ही."

"काका, मी तुमच्या थोरलीला काही म्हणत नाहीये."

"म्हणूचा नाय."

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दोनदा त्यांनी पुढे ढकलली. पहिल्यांदा थोरलीचं इंजिन, दुसऱ्यांदा थोरलीची ही तपासणी. आता ते नटबोल्ट बोटांनी चाचपून ओळखत होते. डॉक्टर मला म्हणाले होते, अजून थांबलात तर ऑपरेशनचा उपयोग होईलच असं नाही. आणि बाबांचं एकच: "ती आसा तवसर मी. ती गेली की मी घरी."

मग ती जायलाच हवी होती. इतकं सोपं होतं.

मी तिच्यात तडा शोधायला लागले. खरं सांगते, इतक्या मन लावून मी कुठलंच विमान तपासलेलं नाही. पंखांची मुळं, शेपूट, मजल्याखालची हाडं, सगळीकडे टॉर्च घातला, आरसा घातला. काही नाही. माझ्या वयाचं यंत्र, आणि माझ्या दोन दाढांत सिमेंट भरलेलं, हिच्या अंगावर गंज नाही. बाबांनी पुसून पुसून तिला म्हातारी होऊच दिलं नव्हतं.

शेवटी केबिन उरली. विमानाची वीज बंद होती, पडदे ओढलेले होते. दाराजवळची पहिली सीट मागे तोंड करून असते. तिच्या गादीत खळगा पडला होता, रोज कुणी बसतं तसा. मी हात ठेवला.

ऊब होती.

बाबा इथे जेवायला बसत असणार. उघड आहे. डबाही तिथेच होता, बाजूच्या फळीवर, झाकणात भाकरीचा चतकोर आणि त्यावर चटणी. एक घास काढून ठेवलेला. पण बाबा तासाभरापासून खाली पंखाशी होते. आणि बाबा अंगाने आडवे आहेत. खळगा लहान होता.

मी त्यात बसले. अगदी बरोबर बसले. पाठ टेकली तिथे पाठीचाही खळगा होता, डोकं टेकलं तिथे डोक्याचा. मान वळवली तर वास आला, जास्वंद आणि माक्याचा. आई घरी तेल कढवते, फक्त माझ्यासाठी, दुसऱ्या कुणाला बोट लावू देत नाही. माझं डोकं आत्ता टेकलं म्हणून, मी स्वतःला म्हणाले. पण मी त्या आठवड्यात तेल लावलंच नव्हतं.

भीती वाटायला हवी होती. मला राग आला. माझ्या बापाचा घास, माझ्या आईचं तेल. मी भाकरीचा तो चतकोर उचलला आणि खाऊन टाकला.

मागच्या अंधारात कुठेतरी चामडं करकरलं, सीटवर कुणी कूस बदलावी तसं. गार झाल्यावर चामडं करकरतं. मला माहीत आहे.

३

मी सुयोगला सांगितलं, विमान ठणठणीत आहे, विका आणि लवकर विका. खोटं बोलून तोडायला लावणं जमलं असतं, पण मी इंजिनिअर आहे आणि माझ्या नावाला मला डाग नको होता. महिन्याभरात नागपूरची एक कंपनी तयार झाली. रुग्णांना ने-आण करायला त्यांना असंच दणकट, जुनं, मोकळं विमान हवं होतं.

मी घरी सांगितलं. वरून एक विमान गेलं, ते संपेपर्यंत बाबा थांबले.

"कामाची आसा म्हणून नेतत ना?"

"हो बाबा. पेशंट नेणार. जीव वाचवणार. खूश?"

"मग बरा." मग आईकडे बघून, "रत्ना, तिका अशी नाय पाठवायची."

"नाय तर," आई म्हणाली. "ओटी भरूया."

मला वाटलं चेष्टा करतायत. "आई, ते विमान आहे. ॲल्युमिनियम आहे. त्याची ओटी?"

"चेडू घरातून जाता तेव्हा ओटी भरतत."

"तुला एकच मुलगी आहे! मी! इथे बसलेय!"

"तू खय चललंस?" आई शांतपणे म्हणाली. "तू जाशीत तेव्हा तुझी भरीन."

या दोघांशी वाद घालणं म्हणजे डोक्यावरच्या विमानाशी वाद घालणं. मी उठून गॅलरीत गेले. मागे आई बाबांना विचारत होती, खण कुठल्या रंगाचा घेऊ. आणि बाबा विचार करून म्हणाले, "तिका निळो शोभता."

मला काय शोभतं ते या माणसाला आजही सांगता यायचं नाही.

४

न्यायला येणारे पायलट दुपारी येणार होते. आई सकाळीच हँगरमध्ये आली, नाकात नथ, हातात ताट. सुयोग मोबाइलवर शूटिंग करत होता. "काकी, झकास! विमानाची ओटी, पहिल्यांदाच बघतोय." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मोबाइल खिशात घातला.

ओटी पदरात घालतात. विमानाला पदर कुठला? आईने पिशवीतून साडी काढली आणि त्या पहिल्या सीटवर अंथरली. अबोली रंगाची, जरीच्या बुट्ट्यांची. पदवीदान समारंभाला मी ती मागितली होती. तेव्हा आई म्हणाली होती, राहू दे, ठेवलीय ती.

कुणासाठी ठेवली होती ते आता कळलं.

आईने कुंकवाचं बोट सीटच्या कडेला लावलं. निळा खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. शेवटी ताट पालथं करून झटकलं, एक दाणा राहिला नाही. मी बघत होते. मग रिकामं ताट बाजूच्या फळीवर ठेवून ती थोडी घुटमळली.

"आता काय?" मी विचारलं.

"ओटी घेतलेली बाई त्यातले थोडे दाणे ताटात परत टाकता. माहेराक कमी पडू नये म्हणून." मग स्वतःशीच हसली. "ही कसली टाकता."

आम्ही उतरलो. बाबांनी पायऱ्यांचं दार वर उचलून लावलं, त्यावर तळवा ठेवला आणि तसेच उभे राहिले. तेवढ्यात आईला आठवलं.

"ताट आत रवला."

बाबांनी दार पुन्हा उघडलं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मी चढले. दार लागलेलं ते किती वेळ? बाबा एक आवंढा गिळतील एवढा. आत जायला दुसरी वाट नाही. मी वाकून आत पाय ठेवला.

ताटाच्या मधोमध तांदळाची इवलीशी रास होती. सांडलेली नाही. वरून, मुठीतून, हलक्या हाताने सोडलेली.

आणि सीटवरची साडी. आईने ती सपाट अंथरली होती. आता तिचा काठ उचलून नारळावर घेतलेला होता, ओटी घेतल्यावर बाई पदर गोळा करून पोटाशी धरते तसा. नारळ घरंगळला असेल. कापड रेशमी आहे, सरकतं. दार लावताना विमान हललं असेल. ही सगळी कारणं मला तिथल्या तिथे सुचली, मी हुशार आहे. फक्त नारळ जागचा हलला नव्हता.

मी ताट उचललं तेव्हा माझ्या मनगटाला गार वारा लागला, अगदी शेजारून. कुणी श्वास आत घ्यावा तसा.

खाली आले. दाणे झटकून टाकायचे होते, पण आईने आधीच ताट घेतलं. तिने पाहिलं. घाबरली नाही, दचकली नाही. तिचा चेहरा एकदम उजळला.

"टाकल्यान हो दाणे," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. त्यांच्या त्या धुरकट डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईने दाणे रुमालाच्या गाठीत बांधले. मग दाराकडे तोंड करून, आमच्या नात्यातली कुठलीही मुलगी निघाली की म्हणतात तसं, सवयीने म्हणाली, "ये हां परत. माहेर आसा तुका."

"आई!" मी ओरडले. का ओरडले ते मला त्या वेळी कळलं नाही.

घरी आल्यावर तिने ते दाणे तांदळाच्या डब्यात मिसळले.

५

थोरली गेली. बाबांनी नोकरी सोडली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आणि चांगली झाली. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरची सगळ्यात बारीक ओळ वाचायला सांगितली, बाबांनी धडाधड वाचली.

मी जिंकले होते. संध्याकाळी हँगरमधून आले की बाबा घरी असायचे, सोफ्याच्या एका टोकाला. मी दुसऱ्या टोकाला बसायचे आणि बोलायचे. नव्या विमानाचं, सुयोगच्या वेडेपणाचं, कशाचंही. ते ऐकायचे. माझ्याकडे बघायचे मात्र नाहीत. वर बघायचे, छताकडे, कान देऊन.

"गेली ती बाबा. नागपूरला आहे."

"होय गो. माहीत आसा."

मग एका रविवारी आईने सुरमई आणली. माझी आवडती. मधली तुकडी नेहमी माझी असते, त्यावर घरात कधी भांडण झालेलं नाही. मी दिवसभर घरीच होते, लोळत. संध्याकाळी आई तुकड्यांना मसाला लावत होती, बाबा खुर्चीत पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय, मिरवत. मी सोफ्यावर.

वरून बारीक शिट्टी गेली. मग घरघर.

आई उठली आणि तांदूळ धुवायला घेतले.

मी सुयोगला फोन लावला. "थोरली मुंबईत आलीय का?"

"नाही गं. नागपूरला उभी आहे. कालच त्यांनी फोटो पाठवलेत, मस्त बदललीय आतून. थांब, टाकतो."

फोटो आले. बाहेरून एक, इंजिनांवर लाल टोप्या. आतून एक: मागच्या सीट काढून स्ट्रेचर बसवलेलं. दाराजवळची पहिली सीट तशीच ठेवली होती, नर्ससाठी. मी फोटो मोठा केला. गादी बदलली नव्हती, कडेला आईच्या कुंकवाचा डाग तसाच होता. पण खळगा नव्हता. गादी फुगून वर आली होती, पाठ सपाट, डोक्याशी सपाट. इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी बसलंच नसावं अशी.

चामडं दुरुस्त करून घेतलं असेल. करतात.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. आई ताटं मांडत होती. एक, दोन, तीन. मग कपाट उघडल्याचा आवाज, आणि चौथं.

"आई, कोण येणारे?"

तव्यावर तेल चरचरलं. सगळे घरात असले की आई दाराला आतून कडी लावते. मी वळून पाहिलं, कडी काढलेली होती.

मी उठले नाही. उठले असते तर जागा गेली असती, असं मला वाटलं. विचित्र आहे, पण तेच वाटलं. ही माझी जागा आहे, हे माझं घर आहे, मी इथून हलणार नाही. मी पाय वर घेऊन सोफ्यावर पसरून बसले, जमेल तेवढी जागा अडवून.

आई बाहेर आली. तिच्या हातातल्या ताटात मधली तुकडी होती, लिंबाची फोड होती. तिने ते ताट टीपॉयवर माझ्यासमोर ठेवलं. मला हायसं वाटलं. मग तिने ते दोन बोटांनी सरकवलं, थोडंसं, माझ्यासमोरून बाजूला.

विमानाच्या रॉकेलचा वास आला. आणि त्यात जास्वंद, माका.

माझ्या शेजारची गादी खाली गेली. हळूच, सवयीची जागा असावी तशी. मी पसरलेले पाय त्या बाजूला आपोआप घसरले आणि कशाला तरी टेकले. ऊब होती.

मी मान वळवली नाही. समोर बघत राहिले, बाबांकडे. त्यांनी पेपर खाली केला आणि वर पाहिलं. ते नवे, स्वच्छ, सगळ्यात बारीक ओळ वाचणारे डोळे. जन्मभर ज्या नजरेची मी वाट पाहिली ती नजर. त्यांचा अख्खा चेहरा हसला.

"इलंस गो?" ते म्हणाले.

मी तर सकाळपासून घरातच होते.